केबल बंद करतोय, अँटेना कुठला घेऊ? (प्लेन्सबोरो, न्यू जर्सी)

धायरीकर

मंडळी, जरा मार्गदर्शन करा.

केबलचं बिल गेल्या महिन्यात १४० डॉलरवर पोचलं. त्यातलं आम्ही बघतो काय? संध्याकाळच्या बातम्या, मुलाचं सॉकर आणि शनिवार-रविवारी काहीबाही. मराठी मालिका कधीच्याच इंटरनेटवर गेल्या. मुलगा ११ वर्षांचा, त्याच्या डोक्यात सध्या फक्त सॉकरचा वर्ल्डकप. फायनल आमच्याच राज्यात, मेटलाइफ स्टेडियमवर, १९ जुलै २०२६ला आणि बरेचसे सामने फॉक्सवर. फॉक्स, एनबीसी, एबीसी, सीबीएस, पीबीएस हे सगळं हवेतून फुकट येतं असं ऑफिसातल्या एकाने सांगितलं, तेव्हा आधी मला तो थट्टा करतोय असंच वाटलं. तेरा वर्षं या देशात राहून हे माहीत नव्हतं.

उत्साहात ३० डॉलरचा चपटा अँटेना मागवला. कागदासारखा पातळ, खिडकीला चिकटवायचा. खोक्यावर ठळक अक्षरात '१५० मैल', खाली '४के'. न्यू यॉर्क आमच्यापासून ४० मैल, म्हटलं आरामात येईल. आलं काय, तर ५ नंबर (फॉक्स) दिसतो पण ऐन मोक्याला चौकोन चौकोन होऊन थिजतो. ४ नंबर रात्री येतो, दिवसा गायब. ७, ११, १३ अजिबात नाहीत. मागच्या खिडकीत लावला तर भलतेच फिलाडेल्फियाचे चॅनेल लागले.

दुमजली टाउनहाउस आहे, वर अ‍ॅटिक, मागे छोटं डेक. आईबाबा पुण्याहून आलेत. बाबांचं म्हणणं, "त्यात काय एवढं, पाइप उभा कर आणि तोंड सिंहगडाकडे कर." (पुण्यात टीव्हीचा मनोरा सिंहगडावर.) तर इथला सिंहगड कुठला, तेवढं सांगा.

निवांत

'इथला सिंहगड कुठला' वाचून फुटलो. बाबांना साष्टांग नमस्कार.

आमच्या वाड्यात अँटेनावर कावळा बसला की खाली बातम्या देणाऱ्या बाई तिरक्या व्हायच्या. मी कौलांवरून ओरडायचो "आलं का?" आणि आजी खालून, "मुंग्याच आहेत रे अजून!" धाग्याला उपयोग शून्य, पण राहवलं नाही.

तारायंत्र

धायरीकर, सगळ्यात आधी खोक्यावरचे मैल विसरा. टीव्हीच्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात आणि पृथ्वी गोल आहे, त्यामुळे ६०-७० मैलांपलीकडे उंचातला उंच मनोराही क्षितिजाखाली बुडतो. १५० मैल येईल कधीतरी, उन्हाळ्यातल्या एखाद्या रात्री हवेच्या थरांची कृपा झाली तर. '४के अँटेना' असाही काही प्रकार नसतो. अँटेना म्हणजे ठरावीक लांबीचा धातू. चित्र किती स्पष्ट आहे ते त्याला कळत नाही, ते काम टीव्हीतल्या ट्यूनरचं, म्हणजे चॅनेल पकडणाऱ्या भागाचं.

आता ७, ११, १३ का येत नाहीत? टीव्हीवर दिसणारा नंबर ही नुसती दारावरची पाटी आहे. १२ जून २००९ला इथल्या मोठ्या केंद्रांचं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण बंद झालं. बऱ्याच केंद्रांनी प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी बदलली, पण लोकांच्या तोंडात बसलेला नंबर तसाच ठेवला. पुढे ६०० मेगाहर्ट्झचा पट्टा लिलावात मोबाइल कंपन्यांकडे गेला आणि जुलै २०२०पर्यंत पुन्हा बऱ्याच केंद्रांची हलवाहलव झाली. आज न्यू यॉर्कचा २ नंबर प्रत्यक्षात ३६वर आहे, ४ नंबर ३५वर, ५ नंबर २७वर. हे यूएचएफ, म्हणजे १४ ते ३६, आखूड लहरींचा पट्टा. पण ७ खरोखरच ७वर आहे, ११ खरोखरच ११वर आणि १३ नंबर १२वर. हे तिन्ही व्हीएचएफ, म्हणजे लांब लहरींचा पट्टा.

यूएचएफची अर्धी तरंगलांबी २५ ते ३२ सेंटिमीटर भरते. ७ नंबरची सुमारे ८५. तुमचा कागद केवढा, फूटभर? त्यात ८५ सेंटिमीटरची लाट पकडायची म्हणजे वाटीत भोपळा ठेवण्यातला प्रकार. मनोऱ्याजवळ असता तर तरीही काहीतरी सांडलेलं मिळालं असतं, ४० मैलांवर नाही.

सशाच्या कानांसारखा दोन दांड्यांचा जुन्या पद्धतीचा अँटेना मिळतो ना, त्याच्या दोन्ही दांड्या आडव्या पसरून टोकापासून टोकापर्यंत ८० सेंटिमीटरच्या आसपास ठेवा आणि बघा. ७ नंबर निदान डोकावेल. १०-१५ डॉलरचा प्रयोग आहे.

अँटेना मागवण्याआधी रॅबिटइअर्स नावाच्या साइटवर घराचा पत्ता टाका. दर केंद्राची दिशा, अंतर, खरा चॅनेल आणि सिग्नल मार्जिन (सिग्नल गरजेपेक्षा किती जास्त किंवा कमी) मिळतं, शिवाय गुड, फेअर, पुअर, बॅड असा शेरा. अँटेनाची उंचीही टाकता येते. १० फूट आणि २५ फूट टाकून फरक बघा, मग बोलू.

चकली

छान माहिती. वाचनखूण साठवली.

आम्ही सनीव्हेलला. आमचा सिंहगड म्हणजे सुट्रो टॉवर, ९७७ फुटी, तोही सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकडीवर. इतका उंच असूनही मैत्रिणीकडे डोंगराच्या आड असल्यामुळे काहीही येत नाही, आणि आमच्याकडे दीड पट अंतरावर सगळं येतं. तेव्हा शेजाऱ्याकडे काय चाललं यावरून काही ठरवू नका. पत्ता टाकून बघा हे खरं.

धायरीकर

तारायंत्र, __/\\__

पत्ता टाकला. न्यू यॉर्कचे मनोरे ४९ अंशांवर, म्हणजे ईशान्य, ४० मैलांच्या आसपास. फिलाडेल्फियाचे, रॉक्सबरो नावाच्या भागातले, २३९ अंशांवर, जवळपास तेवढेच लांब! शेरा बहुतेक ठिकाणी फेअर, काही पुअर. २५ फूट टाकलं की दोन-तीन पुअरचे फेअर होतात.

म्हणजे एक सिंहगड समोर आणि एक पाठीमागे. दोन अँटेना घ्यायचे आणि जोडायचे का?

तारायंत्र

जोडू नका! म्हणजे जोडता येतात, पण दोन अँटेना साध्या स्प्लिटरने (एका तारेच्या दोन करणारी डबी) उलटे एकत्र केले की प्रत्येकाचा जवळजवळ निम्मा सिग्नल त्या डबीतच जातो, शिवाय एकच केंद्र दोन्हीकडून थोडं मागेपुढे आलं की आपसातच भांडण. लोक करतात, काहींचं जमतं, बाकीचे इथे धागे काढतात.

तुमचं नशीब बघा. ४९ आणि २३९. मध्ये १९० अंश. दोन शहरं तुमच्या बरोब्बर दोन बाजूंना आहेत.

चार फुलपाखरांचा अँटेना मिळतो, एकाखाली एक चार 'बो-टाय' आणि मागे जाळी. जाळीचं काम मागून येणारं अडवून पुढचं वाढवणं. जाळी न लावता जोडा, की तो पुढून आणि मागून सारखंच ऐकतो, फक्त बाजूंना बहिरा. पुढची ताकद साधारण निम्मी होते, पण उंचीवर फेअर दाखवतंय म्हणजे खपून जाईल. जाळी सुटी येते असं मॉडेल बघा. व्हीएचएफसाठी त्याच दांड्यावर वेगळा साधा डायपोल, दोन आडव्या नळ्या, तोही मुळात दोन्हीकडचं ऐकतो. दोघांना एकत्र करायला यूएचएफ-व्हीएचएफ कंबाइनर घ्या, साधा स्प्लिटर नव्हे. कंबाइनरमध्ये प्रत्येकाचा पट्टा वेगळा असल्याने मारामारी नाही.

फिलाडेल्फियाच्या ६ नंबरच्या नादी लागू नका. तिथलं एबीसी खरोखर ६वर बसलंय, ८२ ते ८८ मेगाहर्ट्झ, त्याला पावणेदोन मीटरची नळी लागते. त्याच्या डोक्यावरच एफएम रेडिओ सुरू होतो, त्यामुळे एफएम अडवणारा फिल्टर लावला की बिचारा ६ नंबरही मरतो. एबीसी तुम्हाला न्यू यॉर्कच्या ७वर मिळेल.

वरणफळ

माझाही टाउनहाउसचा अनुभव. डेकच्या कठड्याला अँटेना लावला तर आठव्या दिवशी वसाहतीच्या घरमालकांच्या असोसिएशनचं पत्र, 'बाहेरून दिसतो, काढा'. मी घाबरून काढणार होते. मग नवऱ्याने एफसीसीचा (इथलं सरकारी दळणवळण खातं) ओटार्ड नियम शोधला, १९९६चा आहे. आपल्या एकट्याच्या ताब्यातल्या जागेत, म्हणजे स्वतःचं डेक, बाल्कनी, अंगण, टीव्हीचा अँटेना लावायला असोसिएशन किंवा घरमालक मनाई करू शकत नाहीत. सुरक्षिततेचे वाजवी नियम घालू शकतात. पण सामायिक छप्पर, सामायिक भिंत हे त्यात बसत नाही, आणि टाउनहाउसचं छप्पर कधीकधी सामायिक मालकीचं असतं! कागद वाचा. आम्ही नियमाची प्रत जोडून दोन ओळींचं नम्र उत्तर पाठवलं, परत पत्र आलं नाही.

निवांत

वरणफळ, नम्र उत्तर आणि तुम्ही? ;) हलके घ्या.

अबोली_जर्सीसिटी

माझा प्रश्न उलटा आहे. मी २२व्या मजल्यावर, खिडकीतून वर्ल्ड ट्रेड सेंटर समोर दिसतं, तीनेक मैल. तरी मी आणलेल्या अँटेनावर कधी ३० चॅनेल, कधी ६. विक्रेत्याने सांगितलं म्हणून चांगला भारीतला, बूस्टरवाला (सिग्नल मोठा करणारी डबी जोडलेला) घेतला. समोर मनोरा असून ही गत?

तारायंत्र

समोर आहे म्हणूनच. कानाशी लाउडस्पीकर लावून वर आवाज वाढवल्यावर काय ऐकू येईल? बूस्टर आणि ट्यूनर दोन्ही ओव्हरलोड होतात. त्याचं पॉवरचं अडॅप्टर काढा. काही मॉडेलांत बूस्टर बंद असला की सिग्नल पुढे जातच नाही, तसं झालं तर बिनबूस्टरचा चपटा आणा. दुसरं, नव्या इमारतींच्या काचांना उष्णता अडवणारा धातूचा पातळ लेप असतो, तो लहरीही अडवतो. उघडणारी खिडकी असेल तर उघडून बघा, फरक दिसला तर दोषी काच. आणि आसपासच्या इमारतींवर आपटून येणारे पडसाद असतात, तिथे वीतभर सरकवल्यानेही फरक पडतो.

बूस्टरबद्दल एकूणच: तो सिग्नल निर्माण करत नाही. अँटेनाने पकडलंय ते पुढच्या प्रवासात सांडू नये एवढंच त्याचं काम. आरजी-६ केबलमध्ये (टीव्हीची नेहमीची गोल केबल) १०० फुटांना यूएचएफचा अर्ध्याहून जास्त सिग्नल जातो, चार टीव्हींच्या स्प्लिटरमध्ये प्रत्येकाच्या वाट्याला पाव भागही उरत नाही. ती तूट भरायला बूस्टर, आणि तोही अँटेनापाशी. टीव्हीच्या मागे लावलात तर कचराच मोठा होऊन येतो.

लंडनकाका

आमच्याकडे क्रिस्टल पॅलेसचा मनोरा आणि घरोघरी छपरावर एरियल आधीच असतो, निवडायची भानगड नाही. फक्त 'फुकट' म्हणू नका, लाइव्ह टीव्ही बघायचा तर लायसन्स फी भरावी लागते. लहान रिले मनोऱ्यांचा सिग्नल बऱ्याच ठिकाणी उभ्या ध्रुवणाचा असतो, तिथे एरियलच्या काड्या उभ्या लावतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी चुकून आडवा पाडलाय.

कृष्णाकाठ

अवांतर: इकडे भारतात असं काही करता येतं का? सांगलीजवळच्या शेतघरासाठी.

तारायंत्र

दूरदर्शनचे जमिनीवरचे अ‍ॅनालॉग ट्रान्समीटर जवळपास सगळे बंद झालेत. मुंबईसारख्या मोजक्या शहरांत २०१६पासून डिजिटल प्रक्षेपण आलं, पण शेतघरासाठी सरळ डीडी फ्री डिश. महिन्याचं भाडं नाही, छत्री आणि बॉक्स एकदाच घ्यायचा, सह्याद्री आहेच. उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला, म्हणजे सांगलीतून छत्रीचं तोंड आग्नेयेला. आंब्याचं झाड त्या बाजूला नको. बाकी वेगळा धागा काढा, इथे धायरीकरांचा वर्ल्डकप आहे.

धायरीकर

मंडळी, अपडेट.

बाबांना ६८व्या वर्षी शिडीवर चढवायचं नव्हतं आणि छप्पर सामायिक निघालं (वरणफळ, आभार), म्हणून अ‍ॅटिक. छपरावर साधी डांबरी शिंगल्स, खाली चंदेरी फॉइल नाही हे आधी टॉर्च मारून बघितलं. जाळी न लावलेला चार फुलपाखरांचा अँटेना, वर डायपोल. सगळं मिळून १२० डॉलर.

शनिवारी सकाळी बाबा अ‍ॅटिकमध्ये, मी खाली टीव्हीपाशी, मधल्या जिन्यात मुलगा निरोप्या. बाबांनी पुण्याहून बॅगेत आणलेलं त्यांचं ट्रेकिंगचं होकायंत्र काढलं, ४९ अंश लावले आणि वर हुकूम सोडला, "आता स्कॅन कर." ५ आला, ९ आला, ७ फडफडतोय. बाबा चिडले, "दिशा बरोबर आहे, तुझा टीव्ही वाईट आहे." अर्धा तास हे चाललं. मग मला फोनवरचा कंपास आठवला, तो वेगळंच सांगत होता. तेरा अंशांचा फरक!

तारायंत्र

हा हा, हे आधीच सांगायला हवं होतं, चूक माझी. साइट खऱ्या उत्तरेपासूनचे अंश देते. न्यू जर्सीत होकायंत्राची सुई खऱ्या उत्तरेच्या १२-१३ अंश पश्चिमेला बघते. म्हणजे ४९साठी होकायंत्रावर ६१-६२ लावायला हवे होते. पुण्यात हा फरक जवळपास शून्य, त्यामुळे बाबांना आयुष्यात कधी गरजच पडली नाही. त्यांचं होकायंत्रही बरोबर आणि बाबाही बरोबर, फक्त देश वेगळा.

धायरीकर

हे त्यांना वाचून दाखवलं. "मग सिंहगड हलला म्हण की" एवढं बोलून ते पुन्हा वर गेले. ६२वर लावल्यावर २, ४, ५, ७, ९, ११, १३ सगळे ठाम. उलट्या बाजूने फिलाडेल्फियाचेही मुख्य चॅनेल, ६ सोडून. १३.२वर दिवसभर मुलांचं पीबीएस लागतं, ते भाचीसाठी. पहिल्याच रात्री केबलवाल्यांना फोन केला.

धायरीकर

पुन्हा मीच. महिनाभराने.

दोन लफडी. पहिलं, रोज संध्याकाळी सातला ७ नंबर चौकोन चौकोन. बाकी सगळे ठीक. दुसरं, मागच्या ओकच्या झाडाला पानं फुटल्यापासून ४ नंबर वारा सुटला की अडखळतो. म्हणून बूस्टर आणला, लावला, तर होतं तेही गेलं!

तारायंत्र

पहिल्याचं: सातला घरात काय लावता? स्वस्त एलईडी दिव्यांच्या आतला वीजपुरवठा व्हीएचएफवर गोंगाट करतो. एकेक दिवा विझवून बघा.

पानांचं खरं आहे. ओली, हलणारी पानं यूएचएफला नडतात. हिवाळ्यात लावलेला अँटेना मेमध्ये रुसतो, ही नेहमीची गोष्ट.

बूस्टरचं: त्याला वीज पोचवणारी छोटी डबी कुठे लावलीत? स्प्लिटरच्या आधी की नंतर?

धायरीकर

टीव्हीपाशी. म्हणजे स्प्लिटर अ‍ॅटिकमध्ये आणि डबी त्याच्या खाली... ओह.

तारायंत्र

ओह. स्प्लिटरमधून वीज वर गेलीच नाही. उपाशी बूस्टर सिग्नलच्या वाटेत आडवा पडून राहतो. डबी स्प्लिटर आणि बूस्टरच्या मध्ये लावा. मीही १९९८मध्ये हेच केलं होतं आणि दोन दिवस केबल तपासत बसलो होतो.

वरणफळ

सातच्या दिव्याचं काय झालं? उत्सुकता!

धायरीकर

देवघरातला. आई सातला दिवाबत्ती करते, तेव्हा वरची एलईडीची माळ लावते. दोन डॉलरची माळ, तिच्यापायी एबीसीच्या बातम्या बंद. आता माळ बदलली. आईचं म्हणणं, टीव्ही बदलायला हवा होता.

डबी वर हलवली, ४ नंबर वाऱ्यातही टिकतो. जाता जाता, ती प्रक्षेपणाची नवीन पद्धत, एटीएससी ३.० म्हणतात त्यासाठी थांबायला हवं होतं का?

तारायंत्र

अँटेना तोच चालतो, बदलतो तो ट्यूनर. काही केंद्रं ते प्रक्षेपण कुलूपबंद करतात आणि काही ट्यूनरबॉक्सना ते उघडत नाही. तुमचे फॉक्सवरचे सामने आहे त्या टीव्हीवर दिसतील, पैसे खिशात ठेवा. आणि अधूनमधून रीस्कॅन करा, केंद्रं जागा बदलत असतात.

अबोली_जर्सीसिटी

माझं सांगायचं राहिलं. बूस्टर काढला की पडदा काळा, म्हणजे तारायंत्र म्हणाले तसलंच मॉडेल. परत करायची मुदतही गेली.

धायरीकर, तुमचा तो १५० मैलांचा कागद कुठे पडलाय? त्यात बूस्टर सुटा होता का?

धायरीकर

हो, सुटा आहे, मधूनच काढता येतो. गॅरेजमध्ये आहे, तसाच खोक्यात. १५०पैकी तीन मैल नक्की जाईल. रविवारी आम्ही एडिसनला किराणा घ्यायला येतोय, अकराच्या सुमारास, घेऊन जा. पैसे नकोत, येताना बाबांसाठी कुठे बरी बाकरवडी मिळाली तर बघा.